तो दवाखाना नव्हता

नर्सिंगला नंबर लागला तेव्हा वडील मला सोडायला आले होते. आमचं गाव सावली तालुक्याच्या बाजूला, धानाच्या बांध्यांमध्ये. आई अंगणवाडीत मदतनीस आणि वडील शेतीचं काम करायचे, थोडं आपलं, बाकी लोकांचं. वस्तीतल्या बौद्ध विहाराच्या पुढे आमचं घर. तिथून निघालो ते पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन थेट विद्यापीठाच्या नव्या इमारतीसमोर उतरलो.

चंद्रपूर शहर संपून जंगल सुरू होतं त्या कडेला ती उभी होती. चार मजले, समोरून पूर्ण काच, आणि गाडी थेट दाराशी लागावी असं मोठं छत. आम्ही जवळ गेलो तर काचेचं दार आपोआप सरकलं. वडील दोन पावलं मागे झाले. त्यांना वाटलं, आतून कोणी साहेब बाहेर येतोय. ते वाट देऊन उभे राहिले, पण आतून कोणीच आलं नाही. दार परत मिटलं.

"हे तं मोठ्या डॉक्टरचा दवाखाना वाटून राह्यलं," ते म्हणाले.

"नाई बाबा, कॉलेज आहे," मी म्हटलं. पण मलाही खात्री नव्हती.

पहिल्या दिवशी आम्हाला इमारत दाखवली. नर्सिंगच्या मुली थकतात, लहान वयात मरण बघतात, म्हणून ही इमारतच त्यांना सांभाळेल अशी बांधली आहे, असं सांगण्यात आलं. मधे चौक होता, आणि चौकातलं मोहाचं जुनं झाड न तोडता इमारत त्याच्याभोवती वळवली होती. प्रत्येक वर्गात उजेड आणि वारा यायचा. दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती, तिच्यात मंद दिवे आणि जमिनीवर गाद्या-उशा. मन जड झालं तर तिथे येऊन बसायचं, हवं असेल तर समुपदेशक मॅडमशी बोलायचं. त्या खोलीला इंग्रजीत छानसं नाव होतं. आमच्या बॅचने तिचं नाव ठेवलं रडायची खोली. ते नाव पडलं आणि तिकडे जायची कोणाची हिंमत होईना. कोणी पाहिलं तर काय म्हणतील?

मला त्या इमारतीचीच भीती वाटायची. हे मी कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी वाचनालयातून निघालं की कॉरिडॉरमधले दिवे आपण पुढे जाऊ तसे लागायचे आणि पाठीमागचे विझायचे. मी चालता चालता पळायला लागायचे.

सगळ्यात जास्त भीती तळमजल्यावरच्या वॉर्डाची. तो सरावाचा वॉर्ड होता, पण बघणाऱ्याला कळलं नसतं. ओळीने खाटा, पांढऱ्या चादरी, सलाईनचे स्टँड, उशाशी मॉनिटर, भिंतीत ऑक्सिजनच्या तोट्या. सगळं हुबेहूब आणि सगळं खोटं. तोट्यांमागे पाइपच नव्हता. सलाईनच्या बाटल्या जुन्या, मुदत गेलेल्या, आम्ही नळाचं पाणी भरून वापरायचो. औषधाच्या कुप्यांत पाणी. रक्ताच्या पिशवीत लाल रंग कालवलेलं पाणी. आणि कोपऱ्यातल्या खाटेवर बाळंतिणीचा पुतळा. रबराची कातडी, पोट मोठं. सराव घेणाऱ्या मॅडम काचेमागे बसून यंत्र चालू करायच्या की तिची छाती वरखाली व्हायची, डोळ्यांची उघडझाप व्हायची, आणि ती कण्हायची. तिचं कण्हणं ऐकलं की मी शेजारच्या खाटेमागे सरकायचे.

माझी रूममेट भामरागडकडची, गोंड घरातली. तिला कशाचंच काही वाटत नाही असं मी समजत होते. ती त्या पुतळ्याच्या गालावर चापट मारून म्हणायची, "कशी आहेस वं?" मला म्हणायची, "जिती नाई, मेलेली नाई. मंग भेते काऊन तू?"



आम्ही पुढच्या वर्गात गेलो आणि प्रसूतीचा विषय सुरू झाला. दिवाळी होऊन गेली होती. रस्त्याने धानाच्या गाड्या जायला लागल्या होत्या. त्या दिवशी दुपारी बाकी मुली जेवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाची परीक्षा होती, म्हणून मी आणि रूममेट दोघीच वॉर्डात थांबलो होतो. विषय होता बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. पुतळ्याच्या पोटात एक गोळा होता. तो चोळला की घट्ट व्हायचा आणि घट्ट झाला की हिरवा दिवा लागायचा. मी चोळत होते, ती पुस्तकातून पायऱ्या वाचत होती. मॅडम वरच्या मजल्यावर बैठकीला. आमचे फोन बाहेरच्या कपाटात, कारण वॉर्डात फोन आणायला बंदी होती.

बाहेर गाडीचा ब्रेक करकचला. मग गेटवरच्या चौकीदाराचा आवाज आला, "अरे इथी नोको! इथी नाई दवाखाना!" सरकतं दार उघडल्याचा आवाज आला. पावलं आली, अनवाणी आणि जड.

वॉर्डाच्या दारात दोन माणसं उभी होती. एकाने खांद्याकडून आणि एकाने पायाकडून चादरीची झोळी धरली होती. झोळीत एक बाई. मागे एक म्हातारी, तिच्या छातीशी लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी. झोळीच्या खालून जमिनीवर थेंब पडत नव्हते, धार लागली होती. दारापासून आमच्यापर्यंत लाल रेघ ओढत ते आत आले.

पुढचा माणूस तिचा नवरा होता, मागचा गाडीचा ड्रायव्हर. तो म्हणाला, "बाई, पाहा ना हिले. गाडीतच मोकळी झाली. रगत थांबूनच नाई राह्यलं."

"भाऊ, हा दवाखाना नाई," मी म्हटलं.  "हे कॉलेज आहे. इथी डॉक्टर नाई."

त्याने वॉर्डावरून नजर फिरवली. खाटा, स्टँड, मॉनिटर. मग माझ्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं. मी काय बोलले ते त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. त्यांनी तिला सरळ पुतळ्याशेजारच्या खाटेवर ठेवलं. यंत्र चालूच होतं. पुतळ्याची छाती वरखाली होत होती. म्हातारीने तिकडे पाहिलं आणि आपलं रडणं दाबलं, शेजारच्या आजारी बाईला त्रास नको म्हणून.

झोळीतली बाई आमच्याच वयाची असेल. ओठ पांढरे पडले होते. कपाळावर घामाचे थेंब, आणि अंग थंड. मी पायऱ्या आत्ताच ऐकल्या होत्या. सगळ्या पाठ होत्या. आणि मला एकही आठवेना. मला एवढंच वाटत होतं की आपण पळावं. दार उघडं आहे, चौकातून मागच्या बाजूला निघावं, कोणी विचारलं तर मॅडमला बोलवायला गेले म्हणावं.

पण चौकीदार दारात आला होता आणि माझी रूममेट त्याच्यावर ओरडली, "दादा, वरतं जा! मॅडमले आना! पळा!" तो पळाला. म्हणजे मला जायला कारण उरलं नाही.

"पोटाले हात लाव," ती मला म्हणाली.

मी हात ठेवला. बेंबीच्या खाली गर्भाशयाचा घट्ट गोळा लागायला हवा होता. आमच्याकडे बाया त्याला पिशवीच म्हणतात. लागलं काहीच नाही. भिजवलेल्या कणकेत जावा तसा हात आत आत गेला. अशी मऊ पडलेली पिशवी माझ्या हाताला आयुष्यात कधी लागली नव्हती. मी चोळायला लागले. जोरात दाबलं तसा आतून रक्ताच्या गाठींचा लोट बाहेर आला आणि ती किंचाळली.

नवऱ्याने माझं मनगट धरलं. "मारता का तिले?"

तेव्हा माझी रूममेट त्याच्याशी गोंडीत बोलायला लागली. तो एकदम तिच्याकडे वळला. त्या काचेच्या इमारतीत, त्या कपड्यांतल्या पोरीच्या तोंडून आपली बोली ऐकू येईल असं त्याला वाटलंच नसेल. त्याने माझा हात सोडला. मी परत दाबायला लागले. रूममेट बोलता बोलताच म्हातारीकडे गेली, लुगडं उघडलं. आत बाळ होतं, नाळ न कापलेलं, वार सोबतच गुंडाळलेली. बाळ हलत होतं. वार पडली होती, एवढी एक गोष्ट बरी होती. तिने बाळाला कोरड्या चादरीत गुंडाळलं आणि आईच्या छातीला लावलं. बाळाने ओढलं की पिशवी आकसते, हे पुस्तकात होतं. तिला आठवलं, मला नाही.

नवरा मात्र उशाशी उभा राहून वर बघत होता. तिथे स्टँडला सलाईनची बाटली लटकत होती. तिच्या शेजारी रक्ताची पिशवी.

"हे लावा ना," तो म्हणाला.

"ते खोटं आहे, भाऊ. त्यात पाणी आहे."

"रगत टांगून ठेवलं आहे," तो म्हणाला. आता त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "रगत टांगून ठेवलं आहे अन् हिले देऊन नाई राह्यल्या. आमी जंगलातले म्हनून?"

"नाई भाऊ. खरंच सांगते."

"कोनासाठी ठेवलं हे? तिच्यासाठी?" त्याने पुतळ्याकडे बोट दाखवलं.

रूममेट गोंडीत काहीतरी म्हणाली. त्याने मान हलवली. त्याचा तिच्यावरही विश्वास उरला नव्हता. तीही शेवटी पांढऱ्या कपड्यांतलीच होती. तो रक्ताच्या पिशवीला हात घालणार, एवढ्यात तिने पिशवीची नळी ओढून काढली आणि त्याच्या तळहातावर ओतली. फिकट, पातळ, होळीच्या रंगासारखं पाणी. ते त्याच्या बोटांतून गळून खाली पडलं, जमिनीवरच्या खऱ्या रक्तात. दोन्हींतला फरक कोणालाही दिसला असता.

तो हाताकडे बघत राहिला. मग विचारलं, "मंग इथी खरं काय आहे?"

रूममेट त्याला गोंडीत काहीतरी म्हणाली. मी तर तेवढ्यात, सगळं माहीत असूनसुद्धा, एका हाताने भिंतीतली ऑक्सिजनची तोटी फिरवून पाहिली होती. भीतीत माणूस असं करतो. तोटी नुसतीच फिरली.

मग मॅडम आल्या. नागपूरच्या, चाळिशीच्या पुढच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. जिन्यावरून धावत आल्याने धापा टाकत होत्या. त्यांनी दारातूनच सगळं पाहिलं, चपला काढून फेकल्या आणि हातमोजे चढवले. वॉर्डात खरं असं थोडंच होतं. हातमोज्यांची खोकी आणि लघवीच्या नळीची बंद पाकिटं. त्यांनी आधी नळी घालून मूत्राशय रिकामं केलं. मग एक हात आतून लावला.

"तू वरून दाब," त्या मला म्हणाल्या. "माझा हात लागेल तुला. त्याच्याकडे दाब. सोडायचं नाही."

"मॅडम, हात भरून आला."

"येऊ दे."

चौकीदाराने रुग्णवाहिकेला फोन लावला होता. ती दुसऱ्या तालुक्यात पेशंट घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. मॅडमनी एकदाच खिडकीबाहेर पाहिलं. ज्या पिकअप गाडीतून ते आले होते ती छताखाली उभी होती, मागे धानाचा भुसा सांडलेला.

"गादी घ्या," त्या म्हणाल्या.

पुतळ्याच्या अंगाखालची जाड गादी ओढली तसा पुतळा खाटेवर आडवा कलंडला. कोणी तो सरळ केला नाही. गादी पिकअपमध्ये टाकली, बाईला वर ठेवलं. मॅडमचा हात आत, माझे दोन्ही वरून, आम्ही गुडघ्यावर. रूममेट तिच्या डोक्याशी, म्हातारी बाळाला घेऊन कोपऱ्यात. नवरा ड्रायव्हरशेजारी बसला आणि गाडी निघाली.

गाडी उसळली की माझे हात घसरायचे. रक्ताने सगळं निसरडं झालं होतं. मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होते, काही कळतं का ते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. रूममेट त्या बाईशी बोलत होती, एकसारखी, गोंडीत. काय बोलत होती ते तिने मला नंतर सांगितलं. तुमच्याकडे धान कापून झालं का, कोंबड्या किती आहेत, माहेर कुठलं. ती झोपू नये म्हणून. आधी बाई पुरं वाक्य बोलत होती, मग एखादा शब्द, मग नुसतं हूं.

रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबली.

फाटक पडलेलं होतं. कोळशाची मालगाडी जात होती. चंद्रपूरच्या माणसाला ती गाडी माहीत आहे. एक डबा गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा, आणि शेवट कुठे दिसत नाही. नवरा खाली उतरला. फाटकापर्यंत पळाला आणि दोन्ही हातांनी आडवा दांडा धरून उभा राहिला. तो ओरडत होता, पण चाकांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. आजूबाजूचे मोटारसायकलवाले आमच्या गाडीत डोकावले आणि लगेच तोंड फिरवलं.

माझ्या हाताखाली पिशवी पुन्हा मऊ पडायला लागली. मला ते स्पष्ट कळलं. थोडी घट्ट झाली होती, ती परत सैल होत होती. मी दाबलं. खांद्यापासून जोर लावला. पाय बधिर झाले होते. रूममेटने काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. तिने परत विचारलं.

"मॅडम," मी म्हटलं, "ती बोलत नाई."

"तिच्या तोंडाकडे बघू नको. हाताकडे बघ."

"मॅडम, ती मरते का?"

"दाब."

मी डोळे मिटून दाबत राहिले. डब्यांचा आवाज येत राहिला. मला वाटत होतं, आता डोळे उघडले की ती मेलेली असेल आणि मी मेलेल्या बाईचं पोट दाबत असेन. म्हणून मी डोळे उघडलेच नाहीत. गाडी हलली तेव्हाही नाही. हॉर्न वाजत होता, वळणं येत होती, शहराचा गोंगाट सुरू झाला. एकदा मॅडम म्हणाल्या, "शाबास," आणि ते कोणाला म्हणाल्या ते मला कळलं नाही.

दवाखान्यात लोक धावत आले. स्ट्रेचर, उजेड, सुया. कोणीतरी म्हणालं, "हात काढ." माझे हात निघेनात. बोटं तशीच वाकडी आखडून बसली होती. तिथल्या एका सिस्टरने ती एकेक करून सोडवली आणि मला भिंतीशी बसवलं. दार बंद झालं.

बाहेर नवरा उकिडवा बसला होता. लाल पाणी वाळलेला तो हात त्याने मांडीवर उलटा ठेवला होता.  कॉलेजची मुलं रक्त द्यायला आली. म्हातारीच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. अंधार पडायच्या आधी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, रक्त थांबलं आहे, पिशवी काढावी लागली नाही, पण आजचा दिवस आम्ही काही सांगत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, वाचली.

लोकांना वाटलं, मी खूश असेन. हॉस्टेलवर मुलींनी टाळ्या वाजवल्या, माझ्या आईला फोन गेला. पण माझी भीती त्या दिवशी संपली नाही, ती त्या दिवशी सुरू झाली. मला मऊ गोष्टींना हात लावता येईना. उशी, भिजलेला टॉवेल, मेसमधली पोळी. सरकतं दार माझ्यासमोर उघडायचं आणि मी बाहेरच उभी राहायचे. वॉर्ड धुऊन काढला होता, पुतळा पुन्हा नव्या गादीवर सरळ झोपवला होता. मी त्या दिशेला जायचे ते चौकाला वळसा घालून. परीक्षा पुढे ढकलली होती, ती झाली तेव्हा मी पुतळ्याच्या पोटावर हात ठेवला आणि तसाच ओढून घेतला. मॅडम काचेमागे होत्या. त्यांनी यंत्र बंद केलं आणि म्हणाल्या, "जा, नंतर घेऊ."

एका दुपारी रूममेट सापडेना. शोधलं तर चौकात मोहाखाली, ओट्याला डोकं टेकून बसलेली. ओकून आलेली.

"काय झालं?"

"मी त्याले खोटं सांगितलं," ती म्हणाली.

"कोनाले?"

"त्या मानसाले. तिच्या नवऱ्याले. ते पानी त्याच्या हातावर टाकलं ना, तवा मी त्याले म्हटलं, भेऊ नोको, ती वाचते. मले काय मालूम होतं ती वाचते का नाई? ती मेली असती तं आमच्या बोलीत खोटं सांगनारी मीच असती." तिने ओढणीने तोंड पुसलं. "रोज मले सपनात तो विचारते."

तिलाही भीती वाटते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आम्ही दोघी उठलो आणि दुसऱ्या मजल्यावर गेलो. कोणी बघतंय का हे पाहिलंही नाही. समुपदेशक मॅडमनी आम्हाला गाद्यांवर बसवलं. मी त्यांना विचारलं, "हे कधी जाईल?" त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. पण तुम्ही दोघी एकत्र आलात, हे बरं केलं." मी त्यांच्याकडून काही मोठं ऐकायच्या आशेने गेले होते. त्यांनी एवढंच केलं की पडदे ओढले आणि आम्हाला बोलू दिलं. मधेच मला झोप लागली. किती दिवसांनी लागली होती. उठले तेव्हा रूममेट अजून बोलत होती आणि त्या ऐकत होत्या. पुढे आम्ही दर आठवड्याला गेलो. मग आमच्या बॅचच्या आणखी मुली यायला लागल्या, आणि त्या खोलीच्या नावाला कोणी हसेनासं झालं.

कॉलेजनेही काही गोष्टी केल्या. रस्त्यावर मोठी पाटी लागली, हे रुग्णालय नाही. रूममेटने हट्ट धरून त्याखाली गोंडीतही लिहून घेतलं. तळमजल्यावर एक कपाट आलं, त्यात खरी औषधं, खरं सलाईन, खरा ऑक्सिजनचा सिलिंडर. मॅडम स्वतः दर आठवड्याला ते तपासायच्या. वॉर्डातली फोनबंदी उठली. मी शिक्षण पूर्ण केलं. आज मी गडचिरोलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात प्रसूतीच्या खोलीत काम करते, आणि बाळंतपण झालं की त्या बाईच्या पोटावर हात ठेवताना अजून माझे डोळे मिटतात. रूममेट तिच्या घराजवळच्या आरोग्य केंद्रात आहे. आम्ही फोनवर बोलतो, बहुतेक जेवणाबद्दल.

पण या सगळ्याच्या आधी, ती बाई दवाखान्यातून सुटायच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघी तिला बघायला गेलो होतो. मला जायचं नव्हतं. रूममेटने ओढत नेलं.

ती खाटेवर बसली होती, केस विंचरलेले, बाळ कडेला. रूममेटला बघून हसली. मग तिची नजर माझ्यावर गेली आणि तिने पटकन दोन्ही हातांनी चादर पोटावर ओढून घेतली. ती मला घाबरली होती. तिला त्या दिवसातलं फारसं काही आठवत नव्हतं, फाटक नाही, गाडी नाही. पण पोट दाबणारी मी आठवत होते.

तिने रूममेटला हळूच काहीतरी विचारलं. रूममेट हसू दाबत मला म्हणाली, "ती विचारते, ही आजबी दाबते का म्हनून."

"नाई," मी म्हटलं, "सांग तिले, नाई दाबत." आणि मला रडू फुटलं. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायाही बघायला लागल्या. नवरा दाराशी उभा होता. त्याने बाहेरून स्टूल आणून माझ्याजवळ ठेवलं आणि परत दाराशी गेला.

म्हातारीने, म्हणजे तिच्या सासूने, मला पाणी दिलं. तिला मोडकंतोडकं मराठी येत होतं. ती म्हणाली की बाजाराला जाता-येता त्या रस्त्याने त्यांचं गाव ती इमारत बघत होतं. पाया खणला तेव्हापासून. आधी खांब, मग भिंती, मग काच. दर बाजाराला बाया गाडीतून माना बाहेर काढून बघायच्या.

"आमी म्हनत होतो, आपल्यासाठी दवाखाना होऊन राह्यला," ती म्हणाली. "हिचे दिवस भरत आले, तं मी म्हटलं, आता काई भेव नाई. आता जवळच आहे."

 रूममेट खिडकीकडे बघत होती.

"मंग दवाखाना कवा होते?" म्हातारीने विचारलं. "तुमाले मालूम असन."

"मालूम नाई, बाई," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग तिला सुनेसाठी चहा आणायला जायचं होतं, म्हणून तिने बाळ उचललं आणि माझ्या हातात दिलं. मी नाही म्हणायच्या आत ती दाराबाहेर गेलीसुद्धा. बाळ गरम होतं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जड.  त्याची आई खाटेवरून माझ्याकडे बघत होती, अजून पुरता विश्वास नव्हता तिचा. ती थोडी पुढे सरकली आणि बाळाच्या मानेखाली माझा हात कसा धरायचा ते तिने आपल्या हाताने नीट करून दिलं.